हिमालय, अँडीज आणि भूपट्टांच्या टकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेक करून आलेल्यांकडून दगडांचे फोटो येतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आकड्यांबद्दल विचारतात आणि भूगोलाचे शिक्षक विचारतात की हे मुलांना कसं समजावू. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तर देताना शक्य तिथे एखादा दगड किंवा जागा सांगितली आहे, कारण पर्वताची उंची नकाशावरही वाचता येते, पण तो कसा घडला हे कळायला दगडच बघावा लागतो.

१. हिमालयाच्या जागी खरंच समुद्र होता का? पुरावा काय?

होता, आणि पुरावा अनेक मराठी घरांच्या देवघरातच आहे. तुळशीच्या लग्नात बाळकृष्णाऐवजी जो शाळिग्राम ठेवतात, तो नेपाळमधल्या काळी गंडकी नदीच्या पात्रातून येतो. मुक्तिनाथ आणि जोमसोमच्या परिसरात काळ्या पंकाश्माचे, म्हणजे घट्ट झालेल्या चिखलाच्या खडकाचे, थर आहेत. त्यांत घट्ट, गोलसर गोटे असतात. थर झिजले की हे गोटे सुटून नदीत येतात. गोटा उघडला की आत जे 'चक्र' दिसतं, ते अमोनाइट नावाच्या प्राण्याच्या कवचाचं वेटोळं असतं. नीट पाहिलं तर वेटोळ्यावरचे बारीक कंगोरेही मोजता येतात. अमोनाइट फक्त समुद्रात राहत होते. हे शाळिग्राम साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस महासागर पसरलेला होता त्या काळातले.

एव्हरेस्टच्या माथ्यावरचा खडकही समुद्रातलाच, चुनखडीचा आहे. तो आणखी जुना, सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात ट्रायलोबाइट आणि क्रिनॉइड या समुद्री जीवांचे तुकडे दिसतात. तेव्हा टेथिस अजून उघडायचा होता. ही चुनखडी त्याआधीच्या एका उथळ समुद्रात साचली. 'एव्हरेस्टवर टेथिसचा गाळ' असं सरसकट लिहिलेलं आढळतं, म्हणून हा फरक मुद्दाम सांगितला.

स्पितीत लांगझा गावाजवळही असे जीवाश्म सापडतात. कळकळीची विनंती आहे की ते उचलून आणू नका. जीवाश्म ज्या थरातून काढला तो थर माहीत नसेल, तर त्यातून कळण्यासारखं फारच थोडं उरतं.

२. भूपट्ट लाव्हारसावर तरंगतात ना?

नाही. ही समजूत इतकी पसरली आहे की शाळेच्या तक्त्यांवरही प्रावरण (भूकवचाखालचा जाड थर) लालभडक द्रव म्हणून रंगवलेलं असतं. प्रावरण जवळजवळ पूर्ण घन आहे. ते खूप तापलेलं असल्यामुळे लाखो वर्षांच्या हिशेबात हळूहळू वाहतं, एवढंच. शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, काही ठरावीक जागीच तयार होतो (प्रश्न ६ पाहा).

भूपट्ट म्हणजे भूकवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा थंड, ताठ भाग. त्याची जाडी साधारण १०० किमी. भारतीय भूपट्टात भारताची जमीन तर आहेच, शिवाय हिंदी महासागराच्या तळाचा मोठा भागही आहे. 'भारत सरकला' असं आपण म्हणतो तेव्हा हा सगळा पट्ट सरकलेला असतो.

३. सबडक्शन आणि टक्कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

एकाच गोष्टीचे हे दोन टप्पे असू शकतात. महासागराचा तळ बेसाल्टचा, त्यामुळे जड असतो. तो जसजसा जुना आणि थंड होतो तसा आणखी जड होतो आणि दुसऱ्या पट्टाखाली वाकून प्रावरणात उतरतो. हे सबडक्शन. जिथे तो वाकतो तिथे समुद्रात खोल गर्ता पडते. उतरणारा भाग आपल्या वजनाने मागच्या पट्टालाही ओढतो आणि पट्ट सरकण्यामागचं सगळ्यात मोठं बळ हेच मानलं जातं.

आता या उतरणाऱ्या तळाच्या मागे एखादा भूखंड जोडलेला असेल, तर महासागर संपल्यावर तो भूखंडही गर्तेपाशी येऊन पोचतो. भूखंडाचं कवच ग्रॅनाइटसारख्या हलक्या खडकांचं आणि जाड असतं. ते सहजासहजी खाली जात नाही, अडतं. तिथून टक्कर सुरू होते. अँडीज आज पहिल्या टप्प्यात आहे. हिमालयाने दोन्ही टप्पे पाहिले आहेत.

४. भारत कुठून आला आणि किती वेगाने?

दक्षिण गोलार्धातून. आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत हे एकेकाळी गोंडवन या महाखंडाचे भाग होते. त्यातून सुटून भारत उत्तरेकडे निघाला. सुमारे ६.५ ते ५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात त्याचा वेग वर्षाला १५ सेंटीमीटरहून जास्त होता. भूपट्टांच्या मानाने हा फारच मोठा वेग आहे. मग तो झपाट्याने कमी झाला. आज भारत आशियाकडे वर्षाला साधारण ४ ते ५ सेंटीमीटर सरकतो.

हा पूर्वीचा प्रवास मोजतात खडकांतल्या चुंबकत्वावरून. लाव्हारस थिजताना त्यातल्या लोहखनिजांत त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कोरली जाते आणि त्यावरून तो खडक कोणत्या अक्षांशावर तयार झाला हे काढता येतं. आपल्या दख्खनच्या बेसाल्टने याबाबत फार मोलाची साक्ष दिली आहे. तो थिजला तेव्हा महाराष्ट्राची जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

एवढा वेग कशामुळे आला यावर मात्र एकमत नाही. एका मतानुसार पुढे एक नव्हे, दोन सबडक्शन क्षेत्रं भारताला ओढत होती. दुसऱ्या मतानुसार दख्खनचा लाव्हा ज्या उष्ण स्रोतातून आला त्यानेच पट्टाला ढकललं.

५. टक्कर झाल्यावर भारत तिबेटखाली गेला की दोन्ही बाजू चेपल्या?

दोन्ही झालं, पण आपण ज्याला हिमालय म्हणतो तो जवळजवळ सगळा भारताच्याच कवचाचा आहे. भारताची उत्तर कड पुढे सरकताना तिचे थर तळापासून सुटले आणि एकावर एक चढत गेले, छपरावर कौलं एकमेकांवर अर्धी चढवलेली असतात तसे. जिथे एक भाग दुसऱ्यावर चढतो ती फट म्हणजे थ्रस्ट, प्रस्तरभंगाचाच एक प्रकार. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना असे तीन मोठे थ्रस्ट लागतात: मेन सेंट्रल, मेन बाउंडरी आणि हिमालयन फ्रंटल. याच क्रमाने ते नवे होत जातात.

बद्रीनाथच्या रस्त्यावर जोशीमठच्या अलीकडे हेलंग लागतं. मेन सेंट्रल थ्रस्टचा पट्टा याच परिसरातून जातो. इथून वर जाताना खडकात एक विलक्षण गोष्ट दिसते. एरवी जितकं खोल जावं तितके खडक जास्त उष्णता सोसलेले असतात. इथे उलट आहे. वर चढत जावं तसे खडक जास्त तापून निघालेले मिळतात, त्यांत गार्नेटचे लालसर दाणे दिसू लागतात. खोलवर तापलेला भाग वरच्या थंड भागावर चढून बसला, हे यातून कळतं.

सगळ्यात दक्षिणेची शिवालिक रांग म्हणजे हिमालयातून नद्यांनी वाहून आणलेली वाळू आणि गोटे. तो गाळही पुढे या रेट्यात सापडला आणि उचलला गेला. सहारनपूर-डेहराडून रस्त्यावर मोहंडपाशी सपाट मैदान संपून एकदम डोंगर सुरू होतात, तिथे फ्रंटल थ्रस्ट आहे.

६. एवढी मोठी टक्कर होऊनही हिमालयात ज्वालामुखी का नाहीत?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर 'आज नाहीत, पण होते' असं आहे.

सबडक्शनमध्ये शिलारस तयार होतो तो मुख्यतः पाण्यामुळे. समुद्राचा तळ खाली जाताना त्याच्या खनिजांत अडकलेलं पाणी सोबत नेतो. साधारण १०० किमी खोलीवर हे पाणी बाहेर पडून वरच्या प्रावरणात शिरतं. पाणी मिसळलं की खडक कमी तापमानाला वितळू लागतो. तो शिलारस वर चढून ज्वालामुखींची रांग उभी करतो. महासागराचा तळ संपला आणि भूखंड अडकला, की पाण्याचा हा पुरवठा तुटतो आणि ज्वालामुखी विझतात.

टक्करीच्या आधी आशियाच्या दक्षिण किनाऱ्यावर नेमकी अशीच रांग होती. तिच्या पोटात थिजलेला ग्रॅनाइट आज लडाखच्या रांगेत उघडा पडला आहे (प्रश्न ७ पाहा). आज भारतात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. तिथे भारतीय भूपट्टाचा समुद्रतळ अजूनही खाली उतरतो आहे.

७. आम्ही लेह-लडाखला चाललो आहोत. यातलं काय प्रत्यक्ष दिसेल?

खूप काही. श्रीनगरहून जात असाल तर द्रासपासून लक्ष द्या. द्रासचे गडद, हिरवट ज्वालामुखी खडक टेथिसमधल्या बेटांच्या रांगेचे आहेत. आज जपान किंवा अंदमानच्या आसपास जशी ज्वालामुखी बेटं आहेत तशी ती होती. टक्करीच्या रेट्यात ती दोन भूखंडांमध्ये चिरडली गेली.

लामायुरूच्या 'मूनलँड'वर मात्र फसू नका. त्या पिवळसर मातीला बरेच गाइड टेथिसचा गाळ म्हणतात. ती एका नंतरच्या, आटून गेलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्याची माती आहे. पर्वत उभा राहिल्यानंतरची.

निम्मूला सिंधू-झंस्करचा संगम बघायला सगळेच थांबतात आणि पाण्याच्या दोन रंगांचा फोटो काढून निघतात. पाच मिनिटं जास्त थांबून पलीकडच्या भिंतीकडे बघा. जांभळट-लाल आणि हिरवट थर आलटून पालटून येतात आणि ते आडवे नसून जवळजवळ उभे आहेत. हा गाळ साचला तेव्हा आडवा होता. दोन भूखंडांच्या सांध्यात तयार झालेल्या खोऱ्यात नद्यांनी तो आणला आणि नंतरच्या दाबाने उभा केला. तुम्ही उभे असता ती जागा म्हणजे भारत आणि आशियाच्या शिवणीचाच पट्टा. चिलिंगकडे गाडी नेता आली तर हेच थर दोन्ही बाजूंना कितीतरी वेळ सोबत करतात.

लेहच्या मागचे, खारदुंगलाकडे चढत जाणारे करडे डोंगर म्हणजे प्रश्न ६ मधला ग्रॅनाइट. त्यातली काळ्या-पांढऱ्या खनिजांची ठिपकेदार नक्षी उघड्या डोळ्यांनी दिसते. एवढे मोठे स्फटिक व्हायला शिलारस जमिनीखाली फार सावकाश थिजावा लागतो. म्हणजे त्याच्या वर कित्येक किलोमीटर खडक होता आणि तो सगळा झिजून गेला.

कैलास-मानसरोवरला जाणाऱ्यांसाठी एक जोड: कैलास शिखर नदीतल्या गोल गोट्यांच्या घट्ट झालेल्या थरांचं बनलेलं आहे.

८. अँडीजमध्ये भूखंडांची टक्कर नाही, तरी ते इतके उंच कसे?

कारण तिथे नाझका पट्ट (पॅसिफिक महासागराच्या तळाचा एक पट्ट) दक्षिण अमेरिकेखाली जाताना वरच्या भूखंडाला घट्ट रेटतो. भूखंडाची कड आखडते, जाड होते. बोलिव्हियाच्या अल्टिप्लानो पठाराखाली कवचाची जाडी ७० किमीच्या आसपास भरते, तिबेटच्या तोडीची. शिलारसाचीही भर पडते, पण उंचीचं मोठं श्रेय या आखडण्याला आहे. सुमारे ७,००० किमी लांबीच्या या रांगेत ओहोस देल सालादोसारखे ६,८९३ मीटरचे ज्वालामुखी आहेत. १९६० साली चिलीत झालेला ९.५ तीव्रतेचा भूकंप, आजवर मोजलेला सर्वांत मोठा, याच सीमेवरचा.

आता अपवाद. अँडीजचं सर्वोच्च शिखर अकोंकाग्वा (६,९६१ मीटर) जिथे आहे, त्या पट्ट्यात आज एकही जागृत ज्वालामुखी नाही. पेरूच्या मोठ्या भागातही नाही. या दोन्ही ठिकाणी नाझका पट्ट काही अंतर उतरल्यावर सरळ खोल न जाता वरच्या पट्टाच्या बुडाला लागून जवळजवळ आडवा सरकतो. त्यामुळे मध्ये वितळण्याजोगं गरम प्रावरणच उरत नाही. सबडक्शन चालू, भूकंप चालू, ज्वालामुखी मात्र बंद.

दुसरा अपवाद पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेचा. तिथे समुद्रतळ समुद्रतळाखाली जातो आणि वरचा पट्ट रेटला जाण्याऐवजी ताणला जातो. म्हणून तिथे पर्वतरांग होत नाही, बेटं होतात.

९. मग सह्याद्रीही असाच टक्करीतून झाला का?

नाही. कोकणकड्याकडे किंवा रायगडाच्या कातळाकडे बघा, बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे आहेत. टक्कर सोसलेला डोंगर असा दिसत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून पठार झालं. पुढे पश्चिमेचा भाग तुटला (सेशेल्स बेटं त्याच सुमारास भारतापासून वेगळी झाली), आणि तुटलेली कड झिजत झिजत मागे, पूर्वेकडे सरकली. तीच आपली घाटाची भिंत. म्हणजे सह्याद्री ही पठाराची झिजलेली कड आहे. दक्षिणेकडे बेसाल्ट संपतो. केरळातल्या आनैमुडीचे (२,६९५ मीटर) खडक त्याहून कितीतरी प्राचीन आहेत.

परीक्षेसाठी विचारणाऱ्यांना: हिमालय, आल्प्स, अँडीज, झाग्रोस हे वली पर्वत. सह्याद्री त्यांत बसत नाही.

१०. एव्हरेस्ट अजून वाढतो आहे का? असाच वाढत राहिला तर?

वर्षाला काही मिलिमीटर उचलला जातो. २०२० च्या डिसेंबरात नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेली ८,८४८.८६ मीटर ही उंची आधीच्या ८,८४८ पेक्षा थोडी जास्त आहे, पण हा फरक मुख्यतः अधिक अचूक मोजणीचा आहे. त्याला 'वाढ' म्हणू नका.

वाढीला मर्यादा आहे. नद्या, हिमनद्या आणि दरडी वरून झिजवत राहतात. शिवाय जाड झालेलं कवच स्वतःच्याच भाराने बाजूला पसरू लागतं. तिबेटचं पठार आज पूर्व-पश्चिम ताणलं जातं आहे आणि तिथे त्यामुळे दऱ्या पडल्या आहेत.

पर्वताला खाली मूळ असतं, ही कल्पना आपल्याच देशातल्या मोजणीतून आली. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कलियाना आणि कल्याणपूर या दोन ठाण्यांमधलं अंतर ताऱ्यांवरून आणि जमिनीवरून मोजलं, तेव्हा ५.२३ विकलांचा फरक आला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). हिमालयाच्या वस्तुमानाने ओळंबा ओढला जातो हे कारण धरून ब्रिटिश गणिती प्रॅट यांनी गणित केलं, तर फरक सुमारे १६ विकला यायला हवा होता. हिमालय जेवढा ओढायला हवा तेवढा ओढत नव्हता. १८५५ साली ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी उत्तर सुचवलं की पर्वताखाली हलक्या खडकाचं खोल मूळ आहे. प्रॅट यांचा तोडगा वेगळा होता. पण हिमालय-तिबेटच्या बाबतीत पुढे भूकंपलहरींनी एअरी यांची बाजू बरीचशी खरी ठरवली: एरवी ३५ ते ४० किमी जाड असणारं कवच तिबेटखाली ७० किमीच्या घरात आहे.

११. सिंधू आणि ब्रह्मपुत्रा हिमालयाच्या पलीकडे उगम पावून त्याला चिरून कशा येतात?

कारण या नद्यांचे मार्ग हिमालय उंच होण्याच्या आधीपासूनचे मानले जातात. डोंगर हळूहळू उचलला गेला आणि नद्या त्याच वेगाने पात्र कापत राहिल्या. सतलजही त्यांतलीच.

१२. हिमालयातल्या भूकंपांचं कारण कळलं. पण किल्लारीचा काय संबंध?

आधी हिमालय. प्रश्न ४ मधल्या ४-५ सेंटीमीटरपैकी साधारण २ सेंटीमीटर एकट्या हिमालयात जिरतात, उरलेले तिबेट आणि त्यापलीकडे. पण हिमालयाखालची मुख्य फट वरच्या भागात अडकलेली असते. कित्येक दशकं, शतकं ताण साठतो आणि एकदम सुटतो: १९०५ कांगडा, १९३४ बिहार-नेपाळ, १९५० आसाम (८.६), २५ एप्रिल २०१५ गोरखा (७.८). गोरखाच्या वेळी काठमांडूचा परिसर काही सेकंदांत सुमारे एक मीटर वर उचलला गेला, आणि उत्तरेची उंच शिखरं थोडी खाली बसली. पर्वत असाही घडतो, म्हणजे मधली वर्षं स्तब्ध आणि मग एक झटका.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप (६.२) पट्टाच्या सीमेपासून फार दूर झाला. तरीही संबंध आहे. भारत उत्तरेला अडल्यामुळे अख्ख्या पट्टात दाब भरलेला आहे आणि आतल्या जुन्या, दुबळ्या फटी त्या दाबाखाली कधीतरी सरकतात. सुमारे १० हजार माणसं गेली, आणि बरीचशी मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींखाली. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाच्या साठ्याचा हातभार मानला जातो, म्हणून त्याला या यादीत सरळ बसवता येत नाही.

१३. भूखंड खाली जात नाही म्हणता, मग त्सो मोरीरीच्या खडकांचं काय?

उत्तम शंका. लडाखमधल्या त्सो मोरीरी तलावाच्या परिसरात भारताच्या भूखंडाचे खडक आहेत आणि त्यांत कोएसाइट हे खनिज सापडलं आहे. कोएसाइट म्हणजे क्वार्ट्झचंच रूप, पण ते तयार व्हायला साधारण ९० किमीपेक्षा जास्त खोलीचा दाब लागतो. म्हणजे भारताची पुढची कड, तिला जोडलेल्या जड समुद्रतळाने ओढून, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तेवढी खोल नेली होती. मग तिचे काही तुकडे हलकेपणामुळे सुटून वर आले, आणि भूगर्भाच्या मानाने फार लवकर आले. तेव्हा प्रश्न ३ चं उत्तर असं दुरुस्त करून वाचा: भूखंड खाली जाऊ शकतो, पण तो फार काळ तिथे टिकून राहत नाही.

१४. अरवली किंवा उरल भूपट्टाच्या मधोमध का आहेत?

त्या जुन्या टक्करींच्या शिवणी आहेत. युरोप आणि आशिया साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी जोडले गेले तिथे उरल उभा राहिला आणि नंतर ती सीमाच मिटली. अरवलीची घडण तर १०० कोटी वर्षांहून जुनी, म्हणून ती इतकी झिजलेली आहे.

१५. टक्कर नक्की कधी झाली? प्रत्येक पुस्तकात वेगळा आकडा आहे.

कारण 'टक्कर' कशाला म्हणायचं यावर आकडा ठरतो. भारताच्या खडकांवर आशियातून आलेली वाळू पहिल्यांदा कधी पडली हे पाहिलं तर ६ कोटींच्या जवळचा आकडा येतो. भारताचा वेग कधी उतरला हे धरलं तर ५ कोटींच्या आसपासचा. सांध्यातला शेवटचा समुद्री गाळ धरला तर आणखी अलीकडचा. शिवाय सगळी कड एकाच वेळी भिडली असंही नाही. काही अभ्यासक म्हणतात की भारत आधी द्राससारख्या बेटांच्या रांगेला धडकला आणि आशियाला नंतर. यावरचा वाद खरा आहे आणि चालू आहे.

परीक्षेत 'सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी' लिहा. उत्तर विस्ताराने मागितलं असेल तर हेही लिहा की टक्कर तेव्हा सुरू झाली. हिमालयाची आजची भव्य उंची बरीचशी गेल्या २ ते २.५ कोटी वर्षांत, मेन सेंट्रल थ्रस्ट सरकायला लागल्यापासूनची आहे.